पेटी खरोखर बिघडली होती का?



रत्नागिरीजवळच्या एका माध्यमिक शाळेत गेल्या पावसाळ्यात घडलेली ही हकिकत आहे. शाळेच्या संगणक-कक्षात दहा जुने संगणक आहेत. त्यांच्या डिस्क लहान आणि जवळजवळ भरलेल्या. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला एक साठवणपेटी भेट दिली. या पेटीत दोन मोठ्या डिस्क असतात आणि एक छोटासा संगणकही असतो. पेटी तारेने शाळेच्या जाळ्याला जोडली की दहाही संगणकांना तिच्यातली जागा वापरता येते. आपल्या संगणकावर ती ‘झेड’ नावाच्या आणखी एका ड्राइव्हसारखी दिसते.

नववीच्या मुलांनी मोटारशर्यतीचा एक मोफत खेळ पेटीवर बसवायचे ठरवले. एकच प्रत, खेळणारे दहा! पण खेळ काही केल्या बसेना. आठवडाभर खटपट झाल्यावर निकाल लागला : “पेटी बिघडलेली आहे. कपाटात ठेवून द्या.” मुले हिरमुसली. ज्यांनी वर्गणी दिली त्यांना काय सांगायचे, हा मुख्याध्यापकांपुढचा प्रश्न. त्यांनी मला निरोप धाडला आणि एका शनिवारी मी तेथे गेलो.

मी मुलांना एकच अट घातली. एका वेळी एकच बदल करायचा, आणि काय केले व काय घडले ते वहीत लिहायचे. प्रयोगशाळेत आपण हेच करतो, होय ना?

पहिली पायरी : पेटी ओ देते का?

जाळ्यावरून एखाद्या यंत्राला हाक मारण्याची ‘पिंग’ नावाची आज्ञा असते. ती देताच पेटीचे उत्तर एका सहस्रांश सेकंदाच्या आत आले. म्हणजे पेटी जिवंत होती आणि तारही तुटलेली नव्हती.

दुसरी पायरी : एक ओळ लिहिता येते का?

खेळ बाजूला ठेवून आम्ही ‘नमस्कार’ एवढाच मजकूर असलेली फाइल झेडवर साठवू लागलो. उत्तर आले : परवानगी नाही!

पेटीला दोन दरवाजे असतात. पहिला दरवाजा सामाईक जागेचा, दुसरा त्या जागेतल्या फोल्डरचा. दोन्हींवर कोणी वाचावे आणि कोणी लिहावे याचे नियम असतात, आणि त्यांपैकी जो नियम कडक तोच चालतो. येथे पहिला दरवाजा सर्वांना खुला होता, पण दुसऱ्यावर फक्त वाचनाची मुभा होती. आम्ही शिक्षकांच्या खात्याला लिहिण्याची परवानगी दिली. विद्यार्थ्यांना वाचनाचीच ठेवली, कारण खेळायला वाचन पुरते. हा खेळ मिळालेले गुण ज्याच्या त्याच्या संगणकावरच साठवतो. आता ‘नमस्कार’ पेटीत जाऊन बसला.

तिसरी पायरी : दिसतो आणि दिसत नाही!

आता खेळ बसवणारा प्रोग्रॅम चालवला. तो म्हणाला, “झेड नावाचा ड्राइव्ह नाही.” एक मुलगी ओरडली, “सर, समोर तर दिसतोय!”

दोघेही खरे बोलत होते. विंडोजमध्ये आपण रोज साध्या वापरकर्त्याच्या अधिकाराने वावरतो. नवीन प्रोग्रॅम बसवताना मात्र पडद्यावर अनुमती मागितली जाते. ती दिली की तो प्रोग्रॅम प्रशासकाच्या अधिकाराने चालू लागतो. माणूस तोच, पण संगणकाच्या दृष्टीने ही दोन निराळी सत्रे झाली. झेड हे नाव पहिल्या सत्रात दिलेले होते, दुसऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. घरात आपण मुलाला ‘बाळ्या’ म्हणतो, पण शाळेच्या हजेरीपटात बाळ्या सापडत नाही, तसेच हे. यात बिघाड काही नाही. ही सुरक्षिततेसाठी केलेली व्यवस्था आहे.

यावर दोन उपाय आहेत. झेड न म्हणता पेटीचा पूर्ण पत्ता द्यावा, म्हणजे दोन उलट्या तिरक्या रेघा, पेटीचे नाव, पुन्हा एक रेघ आणि फोल्डरचे नाव. काही प्रोग्रॅम असा पत्ता स्वीकारत नाहीत. तेव्हा प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञाखिडकी उघडून ‘नेट यूज’ या आज्ञेने झेड पुन्हा जोडावा. आम्ही दुसरा उपाय केला आणि खेळ बसू लागला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

चौथी पायरी : एवढा वेळ का?

टाळ्या फार वेळ टिकल्या नाहीत. २,४०० मेगाबाइटचा तो खेळ बसायला तब्बल १७ मिनिटे लागली! आता थोडे गणित करू या.

संगणक सांगत होता की जोडणीचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट आहे. येथे बिट आणि बाइट यांत गल्लत होते. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून १०० भागिले ८, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट. व्यवहारात १२ धरू. २,४०० भागिले १२ म्हणजे २०० सेकंद. साडेतीन मिनिटेसुद्धा नाहीत! मग उरलेला वेळ गेला कोठे?

मुलांचा संशय तारेवर गेला. तिच्या टोकाचा प्लग पाहिला, तर खाऱ्या दमट हवेने काही पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता. या तारेत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, १,००० मेगाबिटला चारही लागतात. एक जोडी निकामी झाली की यंत्रे गुपचूप कमी वेगावर येतात. आम्ही नवी तार घातली. वेग दसपट झाला! आता खेळ पावणेदोन मिनिटांत बसायला हवा, असे मुलांनी वहीत लिहिले. प्रत्यक्षात लागली १४ मिनिटे.

आपला अंदाज चुकतो तेव्हाच शिकण्याजोगे काही हाती लागते. फोल्डर उघडून मोजले, तर त्या खेळात सुमारे २०,००० लहानमोठ्या फाइली होत्या. प्रत्येक फाइलमागे संगणक आणि पेटी यांचा संवाद चालतो : “ही फाइल आहे का? नसेल तर तयार कर. हे घे. आता बंद कर.” प्रत्येक प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत थांबायचे. एका फाइलमागे ४० सहस्रांश सेकंद धरले, तर २०,००० फाइलींना ८०० सेकंद, म्हणजे १३ मिनिटांहून जास्त. हिशेब जुळला.

हा वेळ तारेत जात नाही. तांब्याच्या तारेत संकेत प्रकाशाच्या सुमारे दोन-तृतीयांश वेगाने धावतो. ३० मीटर तार तो एका सेकंदाच्या साठ लाखाव्या भागात ओलांडतो. पण पेटीतली डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ सहस्रांश सेकंद. हवी ती जागा वाचकाग्राखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि दांडी सरकायला लागणारा वेळ वेगळाच.

आपल्या हापूसचेच उदाहरण घ्या. वाशीच्या बाजारात आंबे धाडताना एकेका आंब्याची निराळी पावती केली तर? गाडी कितीही वेगाने धावली तरी सारा दिवस पावत्या करण्यातच जाईल. म्हणून आपण पाच डझनांची पेटी भरतो.

आम्हीही तेच केले. शिक्षकांच्या संगणकावर थोडी जागा मोकळी करून खेळ तेथे बसवला. सगळ्या फाइलींची एक गठडी, म्हणजे झिप फाइल केली आणि ती पेटीवर पाठवली. तिला अर्धा मिनिटही लागला नाही. मग पेटीतल्याच संगणकाकडून ती सोडवून घेतली. त्याला तीन मिनिटे पुरली, कारण आता प्रत्येक फाइलसाठी जाळ्यावरून संवाद करावा लागत नव्हता. हा खेळ नुसत्या फोल्डरमधूनही चालतो. सगळेच खेळ असे नसतात. काही खेळ संगणकाच्या आपल्या डिस्कवरच बसायचा हट्ट धरतात. त्यांच्यासाठी ‘आयस्कझी’ नावाची पद्धत आहे. तिचे मानक २००४ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात पेटीचा एक भाग संगणकाला स्वतःची डिस्क वाटतो, पण तो एका वेळी एकाच संगणकाने वापरायचा असतो.

ही भाषा आली कोठून?

फाइली मागण्याच्या या संवादाला ठरलेली भाषा आहे. ‘एसएमबी’ ही भाषा १९८०नंतरच्या काही वर्षांत आयबीएम कंपनीत बॅरी फायगेनबाउम यांनी तयार केली. सन कंपनीने १९८४ साली ‘एनएफएस’ ही दुसरी भाषा आणली. १९९२च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने एसएमबी बोलणारा प्रोग्रॅम लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. त्याचेच पुढे ‘साम्बा’ झाले. आज अनेक साठवणपेट्यांमध्ये तोच काम करतो.

त्या शनिवारी संध्याकाळी दहाही संगणकांवर शर्यत रंगली. खेळ सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, पण त्याची आता कोणी तक्रार करत नाही, कारण वेळ का लागतो ते सर्वांना ठाऊक आहे. पेटी कपाटात गेली नाही. तिच्यात तसा बिघाड नव्हताच. एक परवानगी, एक नाव, एक प्लग आणि वीस हजार पावत्या, अशी चार निरनिराळी कारणे एकाच वेळी हजर होती. मुलांनी आठवडाभर एकदम चार गोष्टी बदलून पाहिल्या, म्हणून त्यांना एकही सापडले नव्हते.

करून पाहा : १०० मेगाबाइटची एक फाइल आणि तितक्याच वजनाच्या एक हजार लहान फाइली पेनड्राइव्हवर पाठवा. दोन्ही वेळा घड्याळ लावा आणि फरकाला फाइलींच्या संख्येने भागा. एका ‘पावती’ला लागणारा वेळ तुम्हांला मिळेल.