उमेदवारांची पारख : १९९७ च्या राष्ट्रपती निवडणुकीचा एक पाठ

राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा भाग पाठ्यपुस्तकातून शिकविण्यास एक तासिका पुरते. अनुच्छेद ५४ मधील निर्वाचकगण आणि अनुच्छेद ५५ मधील मतमूल्याचे गणित फळ्यावर मांडले की विद्यार्थी ते पाठ करून टाकतात. १९७१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या आमदाराचे मतमूल्य १७५ आणि सिक्कीमच्या आमदाराचे ७, एवढे ऐकून मुले हसतात आणि पान उलटते. परंतु दोन उमेदवार समोर असता त्यांना तोलावे कसे, हे त्या पानावर नसते. म्हणून आम्ही काही वर्षांपासून वर्गात १९९७ ची निवडणूक उभी करतो.

त्या वर्षी रिंगणात दोघेच होते : तत्कालीन उपराष्ट्रपती के. आर. नारायणन आणि माजी मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन. दोघेही केरळचे. शेषन यांचा जन्म पालघाटचा, तर नारायणन लोकसभेवर तीनदा निवडून आले ते त्याच जिल्ह्यातील ओट्टपलम मतदारसंघातून. एक ब्राह्मण, दुसरे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील. वर्गात बाजू वाटण्याची वेळ आली की नारायणन यांच्यासाठी सगळे हात वर होतात. शेषन यांची बाजू घेण्यास कोणी पुढे येत नाही. आमच्या वसतिगृहातील मुलांकडून दुसरी अपेक्षा आम्हीही करीत नाही. तरीही वर्गातील सर्वांत हुशार विद्यार्थ्याकडे आम्ही शेषनच देतो, आणि त्यावर तो हमखास रुसतो.

शेषन यांची बाजू दुबळी नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितलेच पाहिजे. १९९० ते १९९६ या काळात त्यांनी आदर्श आचारसंहितेला खरा धाक दिला, उमेदवारांच्या खर्चाचा हिशेब मागितला आणि छायाचित्र असलेल्या मतदार ओळखपत्राचा आग्रह धरला. ज्या गावांत आपल्या वस्तीतील माणसाला मतदान केंद्रापर्यंत पोहोचूच दिले जात नसे, तेथे कडक निवडणूक आयोगाचा लाभ सर्वांत आधी कोणाला होणार होता? हा प्रश्न मुलांना विचारला की वर्ग शांत होतो. मात्र त्यांची दुसरी बाजूही आहे. आयोग तीन सदस्यांचा झाला तेव्हा ते न्यायालयात गेले आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन सदस्यांचा आयोगच वैध ठरविला. अधिकार वाटून घेणे ज्याला जड जाते, त्याने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणाऱ्या पदावर बसावे काय?

नारायणन यांच्याविषयी बोलताना मुले त्यांच्या दारिद्र्यापाशीच थांबतात. फी थकल्यामुळे ते वर्गाबाहेर उभे राहून धडा ऐकत, असे सांगितले जाते. ही गोष्ट आमच्या मुलांना आपलीच वाटते. पण ती त्यांची पात्रता नव्हे, असे आम्ही तेथेच अडवून सांगतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॅरॉल्ड लास्कींच्या हाताखाली झालेले अध्ययन, चीन व अमेरिकेतील राजदूतपद, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि पाच वर्षे राज्यसभेचे सभापतिपद ही त्यांची पात्रता. संयुक्त आघाडी, काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष यांनी त्यांना एकत्रित पाठिंबा दिला. शेषन यांच्यामागे प्रमुख पक्ष उभा राहिला तो शिवसेना.

येथे महाराष्ट्रातील एक दिवस सांगितल्याखेरीज हा पाठ पुरा होत नाही. मतदान १४ जुलै रोजी होते. त्याच्या तीन दिवस आधी, ११ जुलैला, मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेधासाठी जमलेल्या जनतेवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. दहा जण मरण पावले. देशाला पहिला दलित राष्ट्रपती मिळण्याचा आणि आपली माणसे रस्त्यावर मारली जाण्याचा आठवडा एकच होता. त्या आठवड्यात दोन्ही उमेदवारांचे गुण शांतपणे तोलण्याची आमची मनःस्थिती नव्हती, हे आम्ही विद्यार्थ्यांपासून लपवीत नाही.

नारायणन यांना सुमारे ९५ टक्के मतमूल्य मिळाले. शेषन यांची अनामत जप्त झाली. तरी आमच्या मते खरी पारख निकालात नाही, पुढच्या ऑक्टोबरात आहे. उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची गुजराल मंत्रिमंडळाची शिफारस त्यांनी फेरविचारासाठी परत पाठविली आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. १९९८ मध्ये बिहारबाबत वाजपेयी मंत्रिमंडळाची शिफारसही अशीच परत गेली. सरकार वेगळे, पक्ष वेगळा, कसोटी एकच. अनुच्छेद ७४ ने दिलेला अधिकार तेवढाच होता आणि तेवढाच त्यांनी वापरला.

गेल्या वेळी एका मुलीने विचारले, “सर, शेषन निवडून आले असते तर त्यांनीही ती शिफारस परत पाठवली असती का?” आम्ही तिला उत्तर दिले नाही. दोन्ही बाजूंनी एक-एक पान लिहून आण, एवढेच सांगितले.