सलोख्याचा शोध : नळदुर्गच्या परिसरातील एक पाठ

सर्वांनी गुण्यागोविंदाने राहावे, हे वाक्य प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. परंतु पाठ झालेले वाक्य प्रसंगी उपयोगी पडेलच असे नाही. निरनिराळ्या धर्मांची व भाषांची माणसे एका गावी कोणत्या रीतीने नांदतात, हे विद्यार्थ्याने स्वतः शोधिले, तरच ते ज्ञान त्याच्या अंगी मुरते. अशा शोधास नळदुर्गचा परिसर फार सोयीचा आहे.

आरंभ किल्ल्यापासून करावा. बोरी नदीच्या बंधाऱ्यातील पाणी महाल १६१३ मध्ये, दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या कारकिर्दीत बांधला गेला. याच बादशहाने दख्खनी भाषेत 'किताब-ए-नौरस' हा गीतसंग्रह रचला व त्यात सरस्वती आणि गणपती यांचे स्तवन केले. ही माहिती मुलांस अवश्य सांगावी. तथापि राजाची रसिकता म्हणजे शेजाऱ्यांचा सलोखा नव्हे. तो पाहण्यासाठी सामान्य लोकांच्या व्यवहाराकडे वळले पाहिजे.

नळदुर्गचे मैलारपूर व शेजारचे अणदूर येथे खंडोबाची दोन मंदिरे आहेत; मूर्ती मात्र एकच. ती सुमारे सव्वादहा महिने अणदूरास व पावणेदोन महिने मैलारपुरास असते. मूर्ती नेताना दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. दोन गावांचा एकाच देवावर जीव असता तंटा होणे सोपे होते; तो मुदत ठरवून व लिहून टाळला गेला. सलोखा ही केवळ मनाची भावना नसून, वाटा ठरविण्याची आणि शब्द पाळण्याची रीत आहे, हे यावरून मुलांस उमगते. याच देवास कानडी भक्त मैलार म्हणतात, तर त्याचे मुसलमान भक्त त्यास मल्लूखान या नावाने ओळखतात, हेही येथे सांगावे.

दुसरा शोध भाषेचा. मराठीतील 'नको' दख्खनीत 'नक्को' होऊन नांदतो; जोर देण्यासाठी लागणारा आपला 'च'ही त्या भाषेने उचलला आहे. मराठीने फारसीतून 'कागद', 'बाजार', 'दरवाजा' हे शब्द घेतले. 'तूप', 'अक्का', 'अण्णा' हे शब्द कानडीच्या शेजाराने आले. ज्या मुलाच्या घरी दख्खनी, कानडी किंवा गोरमाटी बोलली जाते, ते पुष्कळदा उत्तर येत असूनही वर्गात गप्प बसते. त्याच्या घरचा एक शब्द फळ्यावर मानाने लिहिला गेला, तर त्याची जीभ मोकळी होते आणि इतर मुलांसही त्याचा हेवा वाटू लागतो. या पाठाचे खरे फळ तेच होय.

खरा शोध कटू गोष्टी वगळीत नाही. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. शेवटच्या काळात रझाकारांनी जुलूम केले, आणि पोलीस कारवाईनंतर अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांवर सूड उगविला गेला. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने अधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादची, म्हणजे आजच्या धाराशिवची, गणना केली आहे. लहान मुलांपुढे त्या हकिकतींचे वर्णन करू नये. पण येथे कधी काही बिघडलेच नाही, असे असत्यही सांगू नये. मोडलेली घडी पुन्हा कशी बसली, हाच शोधाचा विषय करावा.

शिक्षकबंधुभगिनींनी एक पथ्य पाळावे. मुलांनी कोणासही जात अथवा धर्म विचारीत फिरू नये. काम, पाणी, शब्द व सण यांविषयी विचारावे; सांगणाऱ्याची इच्छा नसल्यास आग्रह धरू नये. भिन्न घरांतील दोन-दोन मुलांची जोडी करावी व एकाने दुसऱ्याच्या घरून माहिती आणावी.

शोधासाठी प्रश्न :
१. आपल्या सणास शेजाऱ्याचे कोणते काम लागते?
२. टंचाईच्या दिवसांत पाण्याची पाळी कोणी व कशी ठरविली?
३. घरातील वडीलधाऱ्यांनी अडचणीत कोणास आसरा दिला, किंवा कोणाकडून घेतला?
४. तुमच्या घरचा कोणता शब्द मित्राच्या घरीही चालतो?

उत्तरे वर्गात वाचून दाखवावीत. ज्याने माहिती सांगितली, त्या घरी मुलांनी पुन्हा जाऊन आभार मानावेत. पाठ तेथे पुरा होतो.