पेरूचे खत आणि उचलीचा धंदा

देश स्वतंत्र झाला म्हणजे त्याचा धंदाही त्याच्या हातात आला, असे नसते. दक्षिण अमेरिकेतील पेरूचा इतिहास व्यापारी व कारागीर बांधवांनी याच नजरेने वाचावा, असे आम्हांस वाटते.

पेरू सुमारे तीनशे वर्षे स्पेनच्या ताब्यात होता. १८२१ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली व १८२४ मध्ये आयाकुचोच्या लढाईत स्पेनचा पराभव झाला. पण खजिना रिकामा होता. लंडनहून काढलेले कर्ज थकले, सेनापती सत्तेसाठी आपसांत लढत राहिले. त्यातच इंग्लंडच्या गिरण्यांचे स्वस्त सुती कापड बंदरांत उतरू लागले. आधीच खालावलेले देशी विणकाम आणखी मागे पडले.

१८४० च्या सुमारास नशीब उघडले. चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे उंच थर साचले होते. पाऊस जवळजवळ पडत नसल्याने त्यातला कस टिकून होता. 'ग्वानो' या खताला युरोपात मोठी मागणी आली. चार दशकांत एक कोटी टनांहून अधिक माल परदेशी गेला. तो खणणाऱ्यांत करारावर आणलेले चिनी मजूर होते. त्यांचे हाल गुलामांपेक्षा वेगळे नव्हते.

माल सरकारचा होता, पण विकत होते अडत्ये. सरकारला पैशाची घाई असे, म्हणून ते अडत्यांकडून आगाऊ उचल घेई आणि पुढचा माल त्यात बांधला जाई. १८५४ मध्ये रामोन कास्तिया यांनी गुलामगिरी व मूळ रहिवाशांवरील डोईपट्टी रद्द केली. काम चांगलेच झाले. पण डोईपट्टीच्या जागी दुसरा पक्का महसूल उभा केला नाही. सारा भार खतावर आला.

१८६९ मध्ये पॅरिसच्या ड्रेफस पेढीशी वीस लाख टनांचा सौदा झाला. त्या भरवशावर नवी कर्जे काढून अँडीज पर्वतात रेल्वे सुरू केल्या. दरम्यान उत्तम खताचे थर संपत आले, सोऱ्याची स्पर्धा वाढली. १८७६ मध्ये कर्जफेड थांबली. १८७९ मध्ये चिलीशी युद्ध पेटले व १८८३ च्या तहात सोऱ्याचा तारापाका प्रांत गेला. शेवटी १८९० च्या सुमारास कर्ज मिटवण्यासाठी रेल्वे ६६ वर्षांसाठी परदेशी धनकोंच्या हवाली कराव्या लागल्या.

आमच्या कापड धंद्यात हेच दिसते. ज्याची उचल, त्याचा भाव. एकाच मालावर व एकाच अडत्यावर पेढी चालवणारा तेजीत मोठा दिसतो, पण वहीत मुद्दल त्याचे नसते. उचल घेणे गैर नाही. मात्र तेजीच्या दिवसांतच नफ्याचा वाटा बाजूला काढून दुसरा माल, दुसरे गिऱ्हाईक आणि मुलांच्या हातात दुसरे कसब उभे करावे. पेरूला चाळीस वर्षे मिळाली होती. आपल्याला इतकी मुदत मिळेलच, असे धरून चालू नये.