जुनी बॅटरी, नवे आकडे

प्रश्न : दोन पेन्सिल सेलवर चालणारी, जुन्या मॉडेलची एलईडी बॅटरी स्वस्तात मिळते आहे. ती ५० ल्युमेनची. शेजारच्या नव्या बॅटरीवर मात्र ‘५०,००० ल्युमेन’ छापलंय. रात्री शेतात पाणी द्यायला जावं लागतं. जुनी घेतली तर फसेन का?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : नाही, उलट शंका घ्यावी ती नवीवर. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ८०० ते ९०० ल्युमेन देतो. मग मुठीत मावणारी स्वस्त बॅटरी ५०,००० कुठून देणार? पायाखालचा बांध पाहायला ५० पुरतात.

खोक्यावरचा पल्लाही जपून वाचा. ‘एएनएसआय एफएल-१’ मानकानुसार झोत पाव लक्सपर्यंत, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका क्षीण होईपर्यंत पल्ला मोजतात. ‘१०० मीटर’ लिहिलं म्हणून तितक्या लांबचा साप ओळखता येईलच असं नाही.

दुकानातच मागचं झाकण उघडा. स्प्रिंगवर पांढरी-हिरवट पूड दिसली, तर सेल गळलेला असतो. ती बॅटरी घेऊ नका. चालू करून हलवा. लुकलुकली तर जोड सैल आहे.

त्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेल मात्र तिच्यात घालू नका, एलईडी जळू शकतो. साधे १.५ व्होल्टचेच वापरा आणि हंगाम संपला की काढून ठेवा.