लॅपटॉपच्या डिस्कलाही कोरी पानं लागतात



"लॅपटॉप लई हळू चालायलाय, आता नवीनच घ्यावा लागतोय बहुतेक." येरमाळा आणि आसपासच्या गावांत ग्रामसंघाच्या बैठकीला गेलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. घेतला तेव्हा बटण दाबल्यावर पाणी पिऊन येईपर्यंत लॅपटॉप सुरू व्हायचा. आता चहा होतो, पिऊन होतो, तरी गोल चक्र फिरतच असतं. मग बोट जातं लिपिका ताईकडं. "तिनंच कायतरी दाबलं असंल." त्या बिचारीला महिनाअखेरचा अहवाल द्यायचा असतो, बँकेला कर्जाच्या प्रस्तावासाठी कागद काढून द्यायचे असतात, आणि वर हे बोलणं खावं लागतं.

बहुतेक वेळा कुणी काही बिघडवलेलं नसतं. लॅपटॉपमधली माहिती साठवायची डिस्क गच्च भरलेली असते. या वेळच्या पाठात त्या डिस्कबद्दलच बोलू. हे एकट्या लिपिका ताईसाठी नाही. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, सगळ्यांनी वाचावं, कारण लॅपटॉप संघाच्या पैशातून आलेला आहे.

डिस्क दोन प्रकारची असते. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असायची. तिच्या आत एक चकती गरगर फिरते आणि तिच्यावर एक बारीक दांडी इकडून तिकडं जाऊन माहिती वाचते. आताच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह असते. हिच्यात फिरणारं काहीच नाही. मोबाइलमध्ये आणि पेनड्राइव्हमध्ये असते तशाच जातीची चिप असते. ही फ्लॅश मेमरी जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. आपल्या लॅपटॉपमध्ये कोणती डिस्क आहे हे बघायला दुकानात जायची गरज नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जाऊन डिस्कवर क्लिक केलं की एचडीडी आहे की एसएसडी, ते लिहिलेलं दिसतं.

आता एसएसडी काम कसं करते ते समजून घेऊ. हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

आपल्या गटाच्या वहीचा नियम आठवा. नोंद चुकली तर खाडाखोड करायची नाही. चुकलेल्या नोंदीवर एक रेघ मारायची, सही करायची आणि बरोबर नोंद खाली नव्या ओळीवर लिहायची. एसएसडीचा नियम अगदी हाच आहे. एकदा लिहिलेल्या ओळीवर तिला दुसरं लिहिताच येत नाही. तुम्ही हिशोबाच्या फाइलमध्ये एक आकडा बदलून सेव्ह केलं की ती बदललेला भाग नव्या कोऱ्या जागी लिहिते आणि जुन्यावर मनातल्या मनात रेघ मारते.

मग रेघ मारलेल्या ओळी साठत जातात. त्या पुसायच्या कशा? इथं एक अडचण आहे. लिहिताना तिला एकेक ओळ लिहिता येते, पण पुसताना अख्खं पानच पुसावं लागतं. म्हणून ती असं करते: एका पानावर समजा दहा ओळी कामाच्या आहेत आणि बाकीच्या रेघ मारलेल्या, तर त्या दहा ओळी ती दुसऱ्या कोऱ्या पानावर उतरवते आणि मग जुनं पान पूर्ण पुसून कोरं करते. हे काम तुम्हाला न दिसता आतल्या आत चालू असतं. पण त्यासाठी हाताशी कोरी पानं लागतात. डिस्क गच्च भरली की कोरं पान मिळत नाही. मग चार शब्द लिहायचे म्हटलं तरी आधी उतरवा, मग पुसा, मग लिहा. लॅपटॉप हळू झाला म्हणतो तो इथं.

यात आणखी एक गंमत आहे. तुम्ही फाइल डिलीट केली हे डिस्कला आपोआप कळत नाही. एखाद्या ताईनं कर्ज पूर्ण फेडलं, पण लेखापालाला कुणी सांगितलंच नाही, तर काय होतं? तो दर महिन्याला ते कर्ज "मागील येणे" म्हणून पुढं ओढत राहतो. डिस्कही तशीच मेलेल्या फाइली इमानदारीनं या पानावरून त्या पानावर वाहत बसते. हे टाळायला विंडोज डिस्कला निरोप देतं की बाई, ही ही जागा आता कामाची नाही. या निरोपाला ट्रिम म्हणतात. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ही सोय आहे.

ट्रिम चालू आहे का ते एकदा बघून घ्या. स्टार्टमध्ये डिफ्रॅग असं टाइप केलं की डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज असं नाव येतं. ते उघडा. आपल्या डिस्कपुढं सॉलिड स्टेट ड्राइव्ह लिहिलेलं असेल आणि खाली शेड्यूल्ड ऑप्टिमायझेशन ऑन असेल, तर झालं. विंडोज आठवड्याला एकदा हे काम स्वतः करतं. ऑफ असेल तर ऑन करा. नाव डिफ्रॅग असलं तरी घाबरू नका, एसएसडी दिसली की विंडोज तिथं ट्रिमच करतं.

फक्त यातली मेख अशी की हे काम लॅपटॉप चालू असताना आणि त्याच्यावर दुसरं काही काम चालू नसतानाच होतं. आपल्याकडं काय होतं? लॅपटॉप महिनाभर कपाटात. अहवालाच्या दिवशी काढायचा, घाईघाईत काम करायचं, लगेच बंद करून परत कपाटात. मग त्याला आतलं आवरायला वेळ कधी मिळणार? वर महिनाभराचे अपडेट त्याच दिवशी अंगावर येतात. म्हणून आठवड्यातून एकदा, लाइट असेल त्या वेळी, चार्जर लावून तास-दोन तास लॅपटॉप नुसता चालू ठेवा. तो झोपी जाऊ नये एवढं बघा, म्हणजे सेटिंगमध्ये चार्जर लावलेला असताना स्लीपची वेळ वाढवून ठेवा.

आता जागेचं. २५६ जीबीची डिस्क विंडोज २३८ जीबी दाखवतं. दुकानदारानं फसवलेलं नाही, दोघांची मोजायची पद्धत वेगळी आहे एवढंच. यातली साधारण १५ ते २० टक्के जागा कायम मोकळी असावी असा जाणकारांचा अंदाजपंचे पण उपयोगी नियम आहे. आपण सोपं लक्षात ठेवू: २५६ जीबीच्या डिस्कमध्ये ४० जीबी मोकळी हवी. धिस पीसी उघडलं की सी ड्राइव्हची पट्टी दिसते. ती लाल झाली म्हणजे दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली. निळी आहे तोवरच हात घाला.

जागा खातं कोण? हिशोब तर मुळीच नाही. गटांच्या हिशोबाची एक्सेल फाइल बहुधा एक एमबीसुद्धा नसते. मोबाइलवर काढलेला एका मिनिटाचा साधा व्हिडिओ मात्र शंभर एमबीच्या आसपास जातो. चैत्री पौर्णिमेला येडाईच्या यात्रेत आपल्या गटांच्या स्टॉलचे, पालखीचे, चुन्याचे खडे वेचतानाचे व्हिडिओ निघतात. सगळ्यांचे मोबाइल भरतात आणि मग "ताई, लॅपटॉपला टाकून ठेव" म्हणत ते इकडं येतात. मिनिट-मिनिटाचे शंभर व्हिडिओ झाले की दहा जीबी गेले. त्यात व्हॉट्सॲपवरून उतरलेली तीच ती पत्रकं, प्रशिक्षणाचे फोटो, आणि लिपिका ताईच्या पोरानं टाकलेले दोन सिनेमे. (ज्यांच्या घरी लॅपटॉप असतो त्यांना हे ओळखू येईल, नाव घेत नाही.)

सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यात स्टोरेज उघडलं की कशानं किती जागा घेतली ते दिसतं. तिथं टेम्पररी फाइल्स साफ करता येतात. पण थांबा, त्या यादीत डाउनलोड्स असंही नाव असतं. त्यावर खूण राहिली तर डाउनलोड केलेलं सगळं जाईल. पोर्टलवरून उतरवलेले मंजुरीचे कागद बऱ्याचदा तिथंच पडलेले असतात. आधी ते कागद नीट नाव देऊन वेगळ्या फोल्डरला हलवा, मग साफसफाई. आणि डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जाऊन बसतं. ते रिकामं केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही.

फोटो-व्हिडिओ फेकायचे नाहीत, ती संघाची आठवण आहे. त्यांच्यासाठी संघानं बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घ्यावी. फिरत्या चकतीची चालते, त्या कामाला तीच स्वस्त पडते.

काही ठिकाणी लॅपटॉप वेगवान करून देणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलेलं दिसतं. ते काढून टाका. त्यांतली बरीच नुसती जाहिराती दाखवतात आणि स्वतःच जागा खातात. दुसऱ्या कंपनीचं डिफ्रॅगचं सॉफ्टवेअर तर एसएसडीवर चालवूच नका. फिरत्या डिस्कला त्याचा फायदा व्हायचा, कारण दांडीची धावपळ वाचायची. इथं दांडीच नाही. उलट फुकटची पुसापुशी होते, आणि एसएसडीचं प्रत्येक पान ठरावीक वेळाच पुसता येतं.

हे ऐकून काही जणी घाबरतात की मग वापरला की झिजणार का? एवढं भ्यायचं कारण नाही. एक उदाहरण देते. सॅमसंगच्या ८७० इव्हो या २५० जीबीच्या डिस्कला कंपनी १५० टीबी लिहिण्यापर्यंत हमी देते, किंवा पाच वर्षं, जे आधी होईल ते. रोज २० जीबी लिहिलं तरी १५० टीबी व्हायला वीस वर्षं लागतील, आणि आपण रोज एक जीबीसुद्धा लिहीत नाही. म्हणून जपून जपून वापरण्यात अर्थ नाही. लॅपटॉप वापरा, फक्त भरू देऊ नका.

झिजण्यापेक्षा आपल्याकडं खरा त्रास उन्हाचा आणि लाइटचा आहे. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिक्कीत किंवा एसटीच्या खिडकीशी लॅपटॉप तापतो, आणि तापलेली डिस्क स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालते. गोधडीवर, उशीवर ठेवून काम केलं की खालची हवेची जाळी बंद होते, तेव्हाही तेच. लाकडी पाट पुरे. बॅटरी मेलेली असेल आणि लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालत असेल, तर लाइट गेल्याबरोबर लिहिता लिहिता काम तुटतं आणि फाइल खराब होऊ शकते. अशा ठिकाणी इतर कशाहीपेक्षा आधी बॅटरीचा ठराव घ्या.

डिस्क रिकामी आहे, ट्रिम चालू आहे, तरी हळूच? मग दोष दुसरीकडं शोधा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. ४ जीबी रॅममध्ये ब्राउझरच्या दहा खिडक्या उघड्या ठेवल्या की असं होतंच. आणि फक्त पोर्टलच अडकत असेल, एक्सेल झटकन उघडत असेल, तर ते नेटवर्क आहे. त्याला डिस्क बदलून उपयोग नाही. हे तुम्हाला माहीत असलं की दुकानदार "डिस्क गेली" म्हणाला तरी तुम्ही त्याला चार प्रश्न विचारू शकता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फिरती डिस्क बिघडायच्या आधी पुष्कळदा कुरकुर आवाज करायची. एसएसडी काही बोलत नाही. काल चालू होती, आज लॅपटॉपला दिसतच नाही, असं होऊ शकतं. आणि ट्रिममुळं एकदा पुसलेली फाइल परत काढून देणं दुकानदारालाही बहुतेक जमत नाही. म्हणजे डिस्क जो वेग देते, त्याची ही दुसरी बाजू आहे. कुणाकडून किती येणं, कुणी किती फेडलं, हे तिथंच असेल आणि दुसरीकडं कुठंच नसेल, तर उद्या पन्नास बायांच्या तोंडी हिशोबावर भांडण उभं राहील. म्हणून नोंदींची प्रत तीन ठिकाणी हवी: लॅपटॉपमध्ये, बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि कागदी वहीत. पेनड्राइव्हवर एकच प्रत ठेवून निर्धास्त राहू नका. ती हरवते, आणि वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली तर तिच्यातली माहिती विरूही शकते.

प्रत महिन्याच्या बैठकीतच काढायची, सगळ्यांसमोर. बाहेरची डिस्क लिपिका ताईकडं नाही, कोषाध्यक्षांकडं ठेवायची, म्हणजे एकाच घरात दोन्ही राहणार नाहीत. प्रत काढल्याची तारीख इतिवृत्त वहीत लिहायची. आणि ती डिस्क एकदा उघडून बघायची की फाइल खरंच उघडते का.

जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवणं हा पैसा वाया जात नाही. नवीन लॅपटॉपपेक्षा पुष्कळ कमी खर्चात तो पुन्हा कामाला लागतो. दुकानात जाताना लॅपटॉपचं मॉडेल लिहून न्या आणि त्याला साटा बसते की एनव्हीएमई, हे आधी विचारून घ्या. पावती संघाच्या नावानं घ्या. आणि काढलेली जुनी डिस्क दुकानात सोडू नका. तिच्यात आपल्या शेकडो सदस्यांचे आधार आणि पासबुकचे स्कॅन आहेत. ती परत मागून घ्या, पाकिटावर तारीख टाका आणि संघाच्या कपाटात कुलपात ठेवा.