डॉलर पिकवणारं पान : श्रीलंकेच्या चहा-निर्यातीचा धडा

सबमिशनच्या रात्री होस्टेलमध्ये सर्वांत जास्त खपणारी वस्तू कोणती, हे सांगायला सर्व्हे करायची गरज नाही. चहा! पण हाच चहा एका अख्ख्या देशाची तिजोरी भरतो, आणि धोरण चुकलं तर रिकामीही करतो, याचा विचार कप हातात असताना कुणी करत नाही. आपल्या शेजारचा श्रीलंका हा तो देश. भारतात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे ८० टक्के आपण स्वतःच पिऊन टाकतो. श्रीलंकेचं उलट आहे. तिथला ९० टक्क्यांहून जास्त चहा परदेशी जातो. त्यामुळे 'निर्यात वाढवायची म्हणजे नेमकं काय करायचं?' या प्रश्नाचा अभ्यास करायला याहून चांगली केस सापडणार नाही.

थोडा इतिहास

गंमत म्हणजे श्रीलंका, म्हणजे तेव्हाचं सिलोन, हा मुळात कॉफीचा देश. १८६९ पासून कॉफीच्या पानांवर तांबेरा नावाचा बुरशीजन्य रोग पडला आणि दहा-पंधरा वर्षांत मळेच्या मळे बसले. सुदैवाने त्याआधीच, १८६७ मध्ये, जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने कँडीजवळच्या लूलेकंदेरा मळ्यात १९ एकरांवर चहा लावून पाहिला होता. कॉफी गेली आणि चहा आला. १८८३ मध्ये कोलंबोत चहाचा लिलाव सुरू झाला, तो आजही चालतो. १९२५ मध्ये चहा संशोधन संस्था निघाली. १९६५ मध्ये तर या चिमुकल्या बेटाने भारताला मागे टाकून निर्यातीत जगात पहिला नंबर मिळवला.

१९७० च्या दशकात मळ्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९९२ पासून त्यांचं व्यवस्थापन पुन्हा खाजगी कंपन्यांकडे गेलं. आज मात्र एकूण चहापैकी सुमारे ७० टक्के हिरवा पाला मोठ्या मळ्यांतून नाही, तर छोट्या शेतकऱ्यांच्या तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीतून येतो. पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

आधी एक गणित

२०२४ मध्ये श्रीलंकेने सुमारे २४.५ कोटी किलो चहा निर्यात केला आणि सुमारे १४३ कोटी डॉलर मिळवले. त्याच वर्षी केनियाने सुमारे ५९ कोटी किलो निर्यात केली आणि मिळवले जवळपास तेवढेच, म्हणजे १४० कोटी डॉलरच्या आसपास. भागाकार करा. श्रीलंकेला किलोमागे ५.८ डॉलर, केनियाला साधारण २.४.

असं का? पहिलं कारण प्रक्रियेत आहे. केनियाचा बहुतेक चहा सीटीसी पद्धतीचा. पाला दातेरी रोलरमधून चिरडला, फाडला, गोळा केला की त्याचे ते ओळखीचे दाणे होतात. रंग पटकन उतरतो, टी-बॅगला उत्तम. आपल्या कँटीनच्या पातेल्यात उकळतो तोही याच जातीचा. श्रीलंकेत मुख्यतः ऑर्थोडॉक्स पद्धत. पाला कोमेजवायचा, हलक्या दाबाने वळायचा, हवेत ठेवून ऑक्सिडाइज होऊ द्यायचा आणि मग वाळवायचा. वेळ जास्त, मेहनत जास्त, पण पानाचा आकार आणि सुगंध टिकतो. दुसरं कारण, श्रीलंका बराचसा चहा पाकिटात भरून, स्वतःचं नाव लावून विकते.

म्हणजे निर्यात वाढवायचे रस्ते दोन : किलो वाढवा किंवा किलोमागचे डॉलर वाढवा. जमीन मर्यादित असलेल्या देशाला दुसराच रस्ता धरावा लागतो. तो श्रीलंकेने कसा धरला, ते आता क्रमाने पाहू.

१. नाव जपा

देशाचं नाव १९७२ मध्ये 'श्रीलंका' झालं, पण चहाचं नाव 'सिलोन टी' तसंच ठेवलं. शंभर वर्षांची ओळख कोण पुसून टाकेल? १९७६ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या टी बोर्डाकडे सिंहाच्या चिन्हाची मालकी आहे. हा सिंह पाकिटावर छापायचा तर आतला चहा शंभर टक्के सिलोनचा हवा, पाकीट श्रीलंकेतच भरलेलं हवं आणि दर्जा बोर्डाने ठरवलेला हवा. शिवाय नुवारा एलिया, डिंबुला, उवा, उडा पुसेल्लावा, कँडी, सबरगमुवा आणि रुहुना असे सात प्रदेश वेगळे ओळखले जातात. उंची बदलली की चव बदलते. १२०० मीटरच्या वरचा चहा हलका आणि सुगंधी, ६०० मीटरच्या खालचा गडद आणि कडक. आपल्याकडेही दार्जिलिंग चहाला २००४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते भारतातलं पहिलंच. कल्पना तीच : गावाचं नाव हीच संपत्ती.

२. कच्चा माल विकू नका

जुनी पद्धत अशी की चहा गोणीत भरून बाहेर पाठवायचा. तिकडची कंपनी त्यात चार देशांचा चहा मिसळणार, स्वतःचं लेबल लावणार आणि मोठा नफा स्वतःकडे ठेवणार. हे चित्र उलटवायचा प्रयत्न मेरिल फर्नांडो यांनी केला. १९८० च्या दशकात त्यांनी दोन मुलांच्या, दिल्हान आणि मलिक यांच्या, नावांवरून 'दिल्मा' हा ब्रँड काढला आणि ऑस्ट्रेलियासारख्या बाजारात तो बड्या परदेशी ब्रँडच्या शेजारी मांडला. पिकवणाऱ्या देशातच पॅकिंग, मिश्रण न करता एकाच देशाचा चहा, हा त्यांचा आग्रह. २०२३ मध्ये ते गेले, पण ब्रँड जगभर आहे. तरीही काम संपलेलं नाही. श्रीलंकेचा बराच मोठा हिस्सा अजूनही गोणीतूनच बाहेर पडतो.

३. एका किड्याची किंमत

डिसेंबर २०१७ मध्ये श्रीलंकेहून आलेल्या चहाच्या मालात रशियाला खाप्रा भुंगेरा सापडला. एक किडा! पण रशियाने तात्पुरती आयातबंदी घातली. रशिया तेव्हा सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. कोलंबोची धावपळ झाली, शिष्टमंडळ गेलं आणि महिनाअखेरीस बंदी उठली. त्याच सुमारास ॲस्बेस्टॉसच्या आयातीवर घालायची ठरवलेली बंदी श्रीलंकेने बाजूला ठेवली. रशिया ॲस्बेस्टॉसचा मोठा निर्यातदार आहे, त्यामुळे लोकांनी दोन गोष्टींचा संबंध जोडला. एका भुंगेऱ्यामुळे देशाचं आरोग्यधोरण हललं, अशी चर्चा झाली ती म्हणून.

धडा सरळ आहे. क्वालिटी कंट्रोल कारखान्याच्या दारापाशी संपत नाही. वाळवल्यावर चहात ओलावा जेमतेम तीन टक्के असतो आणि तो आजूबाजूची वाफ, वास सगळं ओढून घेतो. म्हणून गोदाम, गोणी, कंटेनर, सगळंच प्रक्रियेचा भाग. कीटकनाशकाचा अंश किती चालेल, याची मर्यादा प्रत्येक देशाची वेगळी. आणि चव तपासायलाही प्रमाण आहे, बरं का. आयएसओ ३१०३ नुसार १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, सहा मिनिटं. हे पिण्यासाठी नाही, तर दोन नमुन्यांची तुलना एकाच पायावर व्हावी म्हणून. मेट्रॉलॉजी फक्त व्हर्नियरपुरती नसते!

४. सगळी अंडी एका टोपलीत नकोत

सिलोन चहाची मोठी गिऱ्हाइकं म्हणजे इराक, रशिया, तुर्कस्तान, संयुक्त अरब अमिराती, इराण, लिबिया. कडक काळा चहा आवडणारे हे देश. पण यातल्या कितीतरी ठिकाणी युद्ध, निर्बंध किंवा चलनाची घसरण पाचवीला पुजलेली. इराणबाबत तर वेगळाच मार्ग काढावा लागला. तेलापोटी देणं असलेले सुमारे २५ कोटी डॉलर चहाच्या रूपाने फेडायचा करार डिसेंबर २०२१ मध्ये झाला. शाळेत वाचलेली वस्तुविनिमय पद्धत एकविसाव्या शतकात! नवे बाजार शोधायला पैसा लागतो म्हणून २०१० पासून निर्यातीवर किलोमागे साडेतीन रुपये प्रचारनिधी गोळा होऊ लागला, पण जागतिक जाहिरात मोहीम वर्षानुवर्षे लांबत गेली. निधी जमवणं सोपं, वेळेत खर्च करणं अवघड. आपल्या गॅदरिंगच्या कमिटीला हे वेगळं सांगायला नको.

५. मुळावर घाव घालू नका

आता सर्वांत महागडा धडा. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. अख्खा देश सेंद्रिय करायचा, असं ठरलं. चहा हे पानांचं पीक, दर आठवड्याला नवे कोंब खुडायचे, म्हणजे नायट्रोजनची भूक कायमची. पर्यायी खत तेवढ्या प्रमाणात तयार नव्हतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घेतला, पण उशीर झाला होता. २०२१ मध्ये सुमारे ३० कोटी किलो असलेलं उत्पादन २०२२ मध्ये सुमारे २५ कोटींवर आलं. पंचवीस वर्षांतला नीचांक! आणि हे नेमकं कधी? एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्ज फेडता येत नाही असं देशाने जाहीर केलं, डॉलरची सर्वांत जास्त गरज होती, तेव्हा. सेंद्रिय शेती वाईट असं इथे म्हणायचं नाही. पायलट प्लँट न चालवता थेट फुल स्केलवर गेलं की काय होतं, ते मात्र यावरून कळतं.

आणि खुडणारे हात?

साधारण साडेचार किलो हिरव्या पाल्यातून एक किलो चहा होतो. बऱ्याच मळ्यांत एका बाईने दिवसाला १८ किलोच्या आसपास पाला खुडावा अशी अपेक्षा असते. म्हणजे चार किलो चहा. २०२४ च्या सरासरी भावाने निर्यातमूल्य सुमारे २३ डॉलर. त्याच वर्षी मळ्यातली किमान रोजंदारी ठरली १३५० श्रीलंकन रुपये, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेचार डॉलर. मधल्या पैशांत कारखाना, सरपण, वाहतूक, पॅकिंग, दलाली सगळं येतं हे खरं. मळेवाले म्हणतात, आमच्या खर्चात मजुरीचाच वाटा सर्वांत मोठा. तेही खरं.

पण हे कामगार कोण? ब्रिटिशांनी दक्षिण भारतातून नेलेल्या तमिळ मजुरांचे वंशज. १९४८ च्या कायद्याने त्यातले बहुतेक जण नागरिकत्वालाच मुकले आणि तो प्रश्न पुरता सुटायला २००३ साल उजाडलं. त्यांची मुलं आता पाट्या उचलायला तयार नाहीत, शहरात जातात. त्यांना दोष कसा देणार? खुडायला माणूसच मिळाला नाही तर सिंहाचं चिन्ह छापायचं कशावर?

न सुटलेला वाद

काही निर्यातदार म्हणतात, बाहेरचा स्वस्त चहा आणू द्या, इथे मिसळून, पॅक करून पुन्हा निर्यात करू. दुबईने एक झाड न लावता चहाचा व्यापार उभा केलाच की! छोटे शेतकरी म्हणतात, असं केलंत तर आमच्या पाल्याचा भाव पडेल आणि 'शुद्ध सिलोन' हे नावही जाईल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझं मत विचाराल तर ज्या देशाला किलोमागे ५.८ डॉलर केवळ नावामुळे मिळतात, त्याने ते नाव पातळ करू नये. डॉलर वाढवायचे असतील तर गोणीचं पाकीट करावं, आणि वाढलेल्या पैशातला वाटा पाट्या उचलणाऱ्यांपर्यंत पोचवावा.

आपण काय घ्यायचं?

यात आपल्या शाखांना काम नाही असं कुणी समजू नये. मेकॅनिकलवाल्यांनी उतारावर चालणारं हलकं खुडणी-यंत्र आणि कमी सरपण खाणारा ड्रायर बघावा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी ऑक्सिडेशन नेमकं कधी थांबवायचं हे सांगणारा सेन्सर, केमिकलवाल्यांनी अंश-तपासणी, कॉम्प्युटरवाल्यांनी पाकिटापासून मळ्यापर्यंतचा माग. भारतानेही २०२४ मध्ये २५ कोटी किलोच्या आसपास चहा निर्यात केला, म्हणजे हे प्रश्न परक्याचे नाहीत. फायनल इयरला 'लाइन फॉलोअर रोबो' पुन्हा एकदा करण्यापेक्षा यातला एखादा विषय घेतलात, तर गाइडही खूश होतील आणि व्हायवाला बोलायला खरोखर काहीतरी असेल.