आधी झडप, मग गोळी

ईसीजीत ‘ॲट्रियल फिब्रिलेशन’ निघालं आणि डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली, की घरचे लोक एक गोष्ट हमखास विचारतात: ज्या नव्या गोळीला दर महिन्याला रक्त तपासावं लागत नाही, ती आम्हाला का नाही? विचारणं अगदी रास्त आहे. दिवसभर लूमवर उभं राहणाऱ्या कामगाराला किंवा लहान पोरं घरी ठेवून निघणाऱ्या बाईला दर महिन्याला लॅबची फेरी म्हणजे अर्ध्या दिवसाचं नुकसान. तरीही माझं मत स्पष्ट आहे. ज्यांच्या हृदयाची मायट्रल झडप ऱ्हुमॅटिक तापाने आकसली आहे, त्यांच्यासाठी जुनी गोळीच, म्हणजे वॉरफरिन किंवा आपल्याकडे ॲसिट्रॉम या नावाने मिळणारं असिनोकुमारॉल, जास्त भरवशाची आहे. ही जुन्या डॉक्टरांची सवय नव्हे. आपल्यासारख्याच रुग्णांवर ही गोष्ट तपासली गेली आहे, आणि निकाल पुष्कळ तज्ज्ञांच्या अपेक्षेविरुद्ध लागला.

ॲट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरत राहतात. डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचतं, त्याची गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूत गेली तर लकवा होतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात अनेक दशकं चाललेल्या अभ्यासात दिसलं, की या आजाराने लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो. मात्र त्याच अभ्यासात, ज्यांना ऱ्हुमॅटिक झडपेचा विकारही होता, त्यांच्यात हा धोका सतरापटीवर गेला. आकसलेल्या झडपेमुळे डावा कप्पा फुगतो आणि रक्त आणखी तुंबतं. म्हणजे ईसीजीवर नाव एकच असलं तरी हे दोन वेगळे आजार आहेत असं समजूनच वागलं पाहिजे. त्यांतला फरक ईसीजीत कळत नाही, त्यासाठी इको करावा लागतो.

नव्या गोळ्यांची कीर्ती ज्या मोठ्या चाचण्यांवर उभी आहे, त्या कोणावर झाल्या हे म्हणूनच पाहायला हवं. २००९ साली डाबिगाट्रानच्या १८ हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. २०११ मध्ये रिव्हारोक्साबानच्या १४ हजारांहून जास्त आणि ॲपिक्साबानच्या पुन्हा १८ हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचण्यांचे निकाल आले. चाचण्या उत्तमच होत्या, निकालही खरे होते. पण त्यांतले रुग्ण साधारण सत्तरीचे होते, आणि मायट्रल झडप बरीच आकसलेल्यांना मुळातच वगळलेलं होतं. आता आपल्याकडचं चित्र पाहा. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने २०११-१२ मध्ये देशातल्या २४ केंद्रांमधून या आजाराच्या १,५३७ रुग्णांची नोंद केली. सरासरी वय पंचावन्नच्या आसपास होतं, आणि जवळपास निम्म्या रुग्णांना ऱ्हुमॅटिक झडपेचा विकार होता. हा विकार लहानपणी घशाच्या साध्या वाटणाऱ्या संसर्गातून सुरू होतो, आणि तो जंतू दाटीवाटीत पसरतो. २०११ च्या जनगणनेतच सात लाखांवर गेलेलं, यंत्रमागाच्या कामासाठी दूरदूरच्या गावांहून माणसं येतात असं आपलं भिवंडी शहर, जिथे एका खोलीत पाळीपाळीने कामगार झोपतात, अशा आजाराला मोकळं रान देतं. त्यामुळे भिवंडीतल्या चाळिशीच्या बाईला धाप लागते आणि नाडी अनियमित लागते, तेव्हा सत्तरीच्या, झडप न आकसलेल्या रुग्णांवरून काढलेला निष्कर्ष तिला जसाच्या तसा लावणं चूक आहे.

नेमकी हीच उणीव ‘इन्व्हिक्टस’ या चाचणीने भरून काढली. तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये असलेले डॉ. गणेशन कार्तिकेयन हे तिच्या प्रमुख संशोधकांपैकी एक. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांतले साडेचार हजारांवर रुग्ण तिच्यात होते. सगळ्यांना ऱ्हुमॅटिक हृदयविकार आणि ॲट्रियल फिब्रिलेशन. सरासरी वय सुमारे पन्नास, आणि दर चारांतल्या जवळपास तीन स्त्रिया. निम्म्यांना रिव्हारोक्साबान दिलं, निम्म्यांना वॉरफरिनच्या गटातली जुनी गोळी. नवी गोळी निदान जुनीच्या तोडीची ठरेल अशी अपेक्षा होती. २०२२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा उलटंच निघालं. लकवा, शरीरात इतरत्र गुठळी, हार्ट ॲटॅक किंवा हृदय-रक्तवाहिन्यांमुळे मृत्यू, यांपैकी काही ना काही नव्या गोळीच्या गटात ५६० जणांना झालं, जुन्या गोळीच्या गटात ४४६ जणांना. मेंदूत गुठळी जाऊन होणारा लकवाही जुन्या गोळीवर कमी होता. मोठ्या रक्तस्रावात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. ‘जुनी गोळी जास्त रक्त वाहवते’ या भीतीला या रुग्णांत तरी ठोस आधार सापडला नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: चाचणीत सगळं शिस्तीत होतं, आपल्याकडे आयएनआर कुठे नीट राहतो? आयएनआर म्हणजे रक्त किती पातळ झालं हे सांगणारा आकडा, तो या रुग्णांत साधारण २ ते ३ हवा. पण चाचणीतही सगळं आदर्श नव्हतं. सुरुवातीला जुनी गोळी घेणाऱ्या तिघांपैकी जेमतेम एकाचा आयएनआर योग्य टप्प्यात होता. पुढे तो सुधारला, तरी साठ टक्क्यांच्या आसपासच राहिला. एवढ्या अर्ध्यामुर्ध्या नियंत्रणातही जुनी गोळी सरस ठरली, ही या निकालातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट. दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. दोन्ही गटांतला फरक मुख्यतः मृत्यूंमध्ये होता, लकव्यात तितका नव्हता, आणि असं का झालं याचा पक्का खुलासा अजून झालेला नाही. जुनी गोळी घेणारे दर महिन्याला तपासणीला यायचे, त्यातून इतर काळजीही घेतली गेली असेल, असं काहींचं म्हणणं आहे. तसं असेलही. पण मग रुग्णाने यातून काय घ्यायचं? ज्या फेरीला तो कंटाळतो, त्या फेरीतच फायद्याचा काही वाटा असू शकतो. फेरी टाळण्याचं कारण म्हणून हा आक्षेप वापरता येत नाही. तिसरा आक्षेप किमतीचा. पेटंट संपल्यावर नव्या गोळ्यांचे भाव बरेच उतरले, हे खरं आहे. पण या झडपेच्या रुग्णाला जुनी गोळी ती स्वस्त आहे म्हणून दिली जात नाही, ती जास्त जीव वाचवते म्हणून दिली जाते.

काही जण मधला मार्ग म्हणून ॲस्पिरिन घेत राहतात. हा मार्ग सोडा. झडप चांगली असलेल्या आणि वॉरफरिन घेऊ न शकणाऱ्या रुग्णांत ॲपिक्साबान आणि ॲस्पिरिनची तुलना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ॲस्पिरिनवर वर्षाला ३.७ टक्के रुग्णांना लकवा किंवा गुठळीचा त्रास झाला, ॲपिक्साबानवर १.६ टक्क्यांना, आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच. फरक इतका ठळक होता की चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. या आजारात केवळ ॲस्पिरिनवर राहणं म्हणजे औषध घेतल्याचं समाधान तेवढं पदरात पाडून घेणं.

संशोधनाचा निकाल कोणाला लागू पडतो, हा प्रश्न ठोक्यांच्या बाबतीतही येतो. अमेरिका आणि कॅनडात ४,०६० रुग्णांवर झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ठोके पुन्हा नियमित करण्याचा खटाटोप केला काय आणि नुसता वेग आवरला काय, आयुर्मानात फरक दिसला नाही. त्यामुळे अनेकांनी तो खटाटोप सोडून दिला. पण मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ऱ्हुमॅटिक झडपेच्या १४४ रुग्णांवर अभ्यास करून तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्या रुग्णांचं सरासरी वय चाळिशीच्या आत होतं. ज्यांचे ठोके नियमित राहिले, त्यांची चालण्या-काम करण्याची ताकद सुधारली. अभ्यास लहान आहे, त्यावरून सर्वांसाठी नियम करणं योग्य नाही. शिवाय त्यात वापरलेल्या अमिओडारोन या औषधासाठी थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं. तरीही तरुण रुग्णाला ‘ठोके असेच राहणार’ असं सांगून परत पाठवण्याआधी केईएमचा हा अनुभव आठवायला हवा. आणि ठोके नियमित झाले म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

जुनी गोळी सांभाळणं कठीण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्या अडचणी ठरावीक आहेत आणि त्यांवर तोड आहे. गोळी रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो संध्याकाळी घ्यावी. रमजानमध्ये ती इफ्तारनंतर घेता येते, त्यासाठी खाडे करायची गरज नाही, फक्त रोजे सुरू होण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. पालक-मेथी बंद करायची नाही, फक्त एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असं करू नका. सर्वांत मोठा घोळ दुसऱ्या औषधांनी होतो. अंगदुखीसाठी नाक्यावरच्या दुकानातून घेतलेली डायक्लोफेनॅक, जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल, नायट्यासाठी फ्लुकोनाझोल, यांनी रक्तस्राव होऊ शकतो. उलट टीबीच्या रिफाम्पिसिनने गोळीचा असर उतरतो, आणि ते नव्या गोळ्यांचाही असर उतरवतं. म्हणून टीबीचे उपचार सुरू होताना आणि संपतानाही आयएनआर वारंवार पाहावा लागतो. मूल हवं असलेल्या स्त्रीने दिवस राहण्याआधीच सांगायला हवं, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत जुनी गोळी गर्भाला अपाय करू शकते, आणि नव्या गोळ्याही गरोदरपणात चालत नाहीत. तिच्यासाठी वेगळी इंजेक्शनं असतात. दोन-तीन महिने गावी जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आयएनआर करावा, वही आणि पुरेशा गोळ्या सोबत न्याव्यात, आणि तिथल्या तालुक्याच्या ठिकाणी तपासणी कुठे होते हे आधीच विचारून ठेवावं. ऱ्हुमॅटिक तापासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू असेल तर तेही चुकवू नये.

यातलं काहीही झडप चांगली असलेल्या रुग्णाला नव्या गोळीपासून दूर ठेवण्यासाठी लिहिलेलं नाही. रक्तदाब, मधुमेह किंवा वयामुळे हा आजार झालेल्या बहुतेकांना नव्या गोळ्याच सोयीच्या आणि सुरक्षित आहेत, आणि त्यांना महिन्याच्या फेरीत अडकवून ठेवू नये. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना मात्र जुनी गोळीच लागते. तिथे डाबिगाट्रान वापरून पाहिलं, तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले आणि चाचणी बंद करावी लागली.

तेव्हा नाडी अनियमित लागते असं कोणी सांगितलं असेल, तर आधी इको करून घ्या आणि डॉक्टरांना विचारा: माझी मायट्रल झडप आकसली आहे का, आणि किती? आकसली असेल तर जुन्या गोळीवर राहा, आणि मागचा आयएनआर महिन्याहून जुना असेल तर या आठवड्यात करून घ्या. चेहरा एकीकडे वाकडा झाला, हात किंवा पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर मालिश किंवा घरगुती उपाय करत बसू नका. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्या, आणि आयएनआरची वही सोबत घ्या.